वर्धा जिल्ह्यातील कुटुंबांची वाहनमालकी : बंडीपासून मोटारीपर्यंत

१

२००१ च्या जनगणनेच्या घरयादीत भारतातील प्रत्येक कुटुंबाला एक नवा प्रश्न विचारण्यात आला. कुटुंबाजवळ सायकल आहे काय, स्कूटर, मोटारसायकल अथवा मोपेड आहे काय, आणि मोटार, जीप वा व्हॅन आहे काय, असे त्या प्रश्नाचे स्वरूप होते. २०११ च्या जनगणनेत हाच प्रश्न पुन्हा विचारला गेला. कुटुंब हा घटक धरून वाहनांची देशव्यापी मोजणी करण्याचा हा पहिलाच प्रयत्न होय. त्यापूर्वीची माहिती मुख्यत: नोंदणी कार्यालयांतून मिळत असे. परंतु नोंदणीपुस्तकात वाहन मोजले जाते, घर मोजले जात नाही. एका घरच्या चार मोटारी आणि चार घरच्या चार मोटारी यांतील भेद त्या पुस्तकात दिसत नाही.

जनगणनेच्या या प्रश्नातील एक उणीव मात्र वर्धा जिल्ह्याच्या अभ्यासकास ताबडतोब जाणवते. त्यात बैलगाडीला स्थान नाही. ज्या वाहनावर या जिल्ह्याचा कापूस शतकभर बाजारात गेला, ज्यात बसून वरातीही गेल्या आणि यात्रेकरूही गेले, ते वाहन प्रश्नावलीच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. अशा मोजणीतून वाहनमालकीचा इतिहास सायकलीपासून सुरू होतो आणि मोटारीकडे चढत जातो. जणू प्रत्येक पायरी ही आधीच्या पायरीपेक्षा अधिक संपन्नतेची होय.

याच समजुतीचा एक व्यावहारिक परिणाम २०११ साली दिसून आला. त्या वर्षी सुरू झालेल्या सामाजिक, आर्थिक व जातिनिहाय पाहणीत, ज्या ग्रामीण कुटुंबाजवळ यांत्रिक दुचाकी, तीनचाकी वा चारचाकी वाहन असेल त्या कुटुंबास वंचितांच्या गणनेतून आपोआप वगळावे, असा निकष ठरविण्यात आला. पुढे ग्रामीण घरकुल योजनेतही तोच निकष आला. वाहन असणे म्हणजे सुस्थिती असणे, असे हे समीकरण होते. ते वर्धा जिल्ह्याच्या इतिहासावर घासून पाहिले असता कोठवर टिकते, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

२

वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला. त्याचे ठाणे प्रथम पुलगावजवळील कवठा येथे होते. १८६६ साली पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहराची आखणी होऊन ते तेथे आले. जिल्ह्याच्या निर्मितीमागे कापूस हे प्रमुख कारण होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला होता आणि हिंगणघाटच्या लांब धाग्याच्या ‘बणी’ कापसाकडे ब्रिटिश व्यापाऱ्यांचे लक्ष वळले होते. मध्यप्रांत व वऱ्हाड यांसाठी खास कापूस-आयुक्त नेमण्यात आला तो याच दशकात.

त्यापूर्वी या प्रदेशाचा कापूस पाठीवर गोणी लादलेल्या बैलांच्या तांड्यांतून शेकडो मैल दूर मिर्झापूरपर्यंत जात असे. हे बैल वंजारी व्यापाऱ्यांचे असत, शेतकऱ्याचे नसत. म्हणजे लांबच्या वाहतुकीचे साधन शेतकरी कुटुंबाच्या मालकीचे नव्हते. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोचली आणि ही व्यवस्था पालटली. पुढील दशकात वर्धा येथून हिंगणघाट-वरोरा फाटाही निघाला. लांबचा पल्ला रेल्वेने उचलला. परंतु शेतापासून बाजारपेठेपर्यंत आणि बाजारपेठेपासून स्थानकापर्यंतचा आखूड पल्ला कोणी तरी उचलणे भाग होते. तो बंडीने उचलला. आगगाडी आल्यामुळे बैलगाडी मागे पडली असे सामान्यत: समजले जाते. कापसाच्या मुलखात याच्या उलट घडले. रेल्वेने तांडे संपविले आणि बंडीला काम दिले. हिंगणघाट व पुलगाव येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत कापडगिरण्या निघाल्या, ठिकठिकाणी जीन व प्रेस उभे राहिले, तेव्हा तर हंगामात बंडीवाचून एक बोंडही हलणे शक्य नव्हते.

ही बंडी कोणाच्या घरी असे? तिला बाभळीचे लाकूड, सुताराची कारागिरी आणि लोहाराने चढविलेली लोखंडी धाव लागे. परंतु खरा खर्च गाडीचा नसून बैलांचा असे. बैलजोडी वर्षभर पोसावयाची तर कडबा, ढेप व सरकी हवी, आणि कडबा हवा तर शेत हवे. म्हणजे गाडीची मालकी ही जमिनीच्या मालकीची छाया होती. मालगुजाराच्या वाड्यात मालवाहू बंड्यांच्या जोडीला माणसांना बसण्यासाठी हलकी रेंगी असे. मध्यम कुळाच्या घरी एक बंडी असे आणि तीच शेणखत, कापूस व माणसे वाही. सालदाराच्या वा मजुराच्या घरी काहीच नसे. तो दुसऱ्याची बंडी हाकी. १९०१ साली जिल्ह्याची लोकसंख्या ३,८५,१०३ होती. या लोकसंख्येपैकी फार मोठ्या भागाच्या आयुष्यात स्वत:च्या मालकीचे वाहन हा प्रकारच नव्हता.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. बंडी हे उत्पादनाचे साधन होते. जे बैल नांगराला जुंपावयाचे तेच बंडीला. त्यामुळे कुटुंबाचे वाहन आणि कुटुंबाची शेती यांचा जमाखर्च वेगळा करता येत नसे. हा जमाखर्च वेगळा होणे, हाच पुढील शंभर वर्षांतील मुख्य बदल होय.

३

मोटार जिल्ह्यात आली ती मूठभर घरांत. १९१४ च्या कायद्याने हिंदुस्थानात मोटारींच्या नियमनाची एकसूत्री व्यवस्था झाली. १९२८ पासून मुंबईत जनरल मोटर्स कंपनीने गाड्यांची जुळणी सुरू केल्यावर परदेशी मोटार आतल्या जिल्ह्यांतील धनिकांच्याही आटोक्यात येऊ लागली. पेढीवाले, मोठे मालगुजार, वकील, डॉक्टर व अधिकारी यांच्यापलीकडे तिचा प्रसार होण्याचे कारण नव्हते.

परंतु मोटारींची संख्या अल्प असली तरी तिच्या मागण्या अल्प नव्हत्या. बंडी पावसाळ्याखेरीज कोणत्याही पांदणीतून जाई. मोटारीला खडीचा, पुढे डांबरी रस्ता लागे. हा रस्ता कोणाच्या पैशाने बांधावयाचा, हा प्रश्न १९२७ साली नेमलेल्या बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या समितीपुढे होता. प्रांतिक व स्थानिक संस्थांच्या शक्तीबाहेरचे हे काम असल्याने पेट्रोलवर जादा कर बसवून त्यातून रस्त्यांचा निधी उभारावा, असे या समितीने सुचविले. त्याप्रमाणे १९२९ साली मध्यवर्ती रस्ते निधी स्थापन झाला. जो रस्ता वापरतो त्याने खर्च सोसावा, हे तत्त्व त्यात अंशत: मान्य झाले. तथापि रस्ते आणि मोटार यांच्या योजकांच्या डोळ्यांसमोर बैलगाडी आली की ती अडचण म्हणूनच येई. तिची लोखंडी धाव खडीचा रस्ता कापते, ती हळू चालते, ती वाट अडविते, अशी तक्रार वारंवार होई.

या तक्रारीला सर्वांत विचारपूर्वक उत्तर मिळाले ते वर्धा शहरातूनच. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना होऊन त्याचे कार्य मगनवाडीत सुरू झाले. संघाचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा हे अर्थशास्त्राचे व हिशेबशास्त्राचे शिक्षण घेतलेले होते. त्यामुळे बैलगाडीचा कैवार त्यांनी भावनेने न घेता ताळेबंदाने घेतला. बैल शेतातले खातो व शेताला खत देतो. सुतार व लोहार गावातच असतात. म्हणून गाडीवर खर्च झालेला पैसा गावात फिरतो. पेट्रोल, रबर व सुटे भाग यांवर खर्च झालेला पैसा मात्र गावाबाहेर, बहुधा देशाबाहेर जातो, असा या विचारसरणीचा गाभा होता. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी शेगाव येथे राहावयास गेले. १९३७ च्या जुलै महिन्यात ‘हरिजन’ पत्रात त्यांनी बडोद्याच्या एका गृहस्थांचे पशुशक्ती व यंत्रशक्ती यांची तुलना करणारे टिपण प्रसिद्ध करून खेड्यातील गाडीची बाजू मांडली. आखूड अंतराच्या व लहान शेताच्या कामात बैल महाग पडत नाही, असा त्याचा आशय होता.

शेगाव, म्हणजे १९४० नंतरचे सेवाग्राम, हे वर्ध्यापासून सुमारे ५ मैलांवर आहे. तेथे पोचण्याच्या साधनांतच त्या काळच्या वाहनविचाराचे सर्व प्रकार एकत्र दिसतात. महादेवभाई देसाई कित्येक महिने मगनवाडीहून रोज पायी ये-जा करीत. पाहुणे टांग्याने वा बैलगाडीने येत. आणि जमनालाल बजाज यांच्या घरच्या जुन्या फोर्ड मोटारीला बैल जुंपून जे वाहन तयार झाले त्याला ‘ऑक्स-फर्ड’ असे नाव पडले. बैलाला इंग्रजीत ऑक्स म्हणतात, यावरची ही कोटी होती. कोटी बाजूस ठेवली तरी त्या वाहनात एक वस्तुस्थिती होती. पेट्रोल बाहेरून विकत घ्यावे लागे, बैल घरचे होते. जमनालालजींनी तर १९४१ च्या अखेरीस गोसेवेचे व्रत घेऊन मोटार व रेल्वे वापरणेच सोडले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी त्यांचे निधन झाले.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९४३ मध्ये, वर्ध्यापासून ५० मैलांच्या आत असलेल्या नागपूर शहरात सर्व प्रांतांच्या मुख्य अभियंत्यांची परिषद भरली. ‘नागपूर योजना’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या तिच्या आराखड्यात रस्त्यांचे राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते व ग्राम रस्ते असे वर्गीकरण झाले आणि २० वर्षांचा कार्यक्रम ठरला. हे वर्गीकरण पुढील दशकांच्या रस्तेबांधणीचा पाया ठरले. त्यात ग्राम रस्ता होता, परंतु गावापासून शेतापर्यंतची पांदण कोणत्याच वर्गात आली नाही. ज्या वाटेवर जिल्ह्यातील बहुसंख्य वाहने धावत होती ती वाट योजनेबाहेर राहिली. मगनवाडी आणि नागपूर परिषद यांच्यातील खरा मतभेद येथे दिसतो. रस्ता कोणत्या वाहनाच्या मालकासाठी बांधावयाचा, हा तो प्रश्न होता.

४

स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत वाहनमालकीच्या इतिहासातील सर्वांत मोठे सामाजिक स्थित्यंतर घडले. ते मोटारीमुळे घडले नाही, सायकलीमुळे घडले. युद्धपूर्व काळात सायकल परदेशी होती आणि शाळामास्तर, कारकून व विद्यार्थी यांच्यापुरती मर्यादित होती. १९३९ मध्ये मुंबईत हिंद सायकल्सची स्थापना झाली. १९५० च्या दशकात अ‍ॅटलस व हीरो हे पंजाब व हरयाणा भागांतील कारखाने पुढे आले. देशी सायकल स्वस्त झाली आणि खेड्यात शिरली.

सायकलीचे वैशिष्ट्य असे, की तिला कडबा लागत नाही. म्हणजेच तिला शेत लागत नाही. मजुरी करणाऱ्या, गिरणीत जाणाऱ्या, दूध वा भाजी विकणाऱ्या भूमिहीन घराने मालकीचे पहिले वाहन म्हणून जी वस्तू घेतली ती सायकल होय. वाहनमालकी व जमिनीची मालकी यांची गाठ प्रथम तिने सोडविली. हिंगणघाट व पुलगाव येथील गिरणीकामगारास आसपासच्या खेड्यात राहून पाळीवर जाणे तिच्यामुळे शक्य झाले. ज्यांना ती विकत घेणे जमत नसे त्यांच्यासाठी तासावर भाड्याने सायकल देणारी दुकाने निघाली. लग्नात घड्याळाबरोबर सायकलही मागितली जाऊ लागली. नगरपालिका तिच्यावर कर बसवून बिल्ला देऊ लागल्या.

याच काळात शासनाच्या मालकीचे वाहनही खेड्यात पोचले. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समाजविकास योजनेचा आरंभ झाला आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप ही नव्या राज्यव्यवस्थेची खूण बनली. याच्या एक वर्ष आधी, सप्टेंबर १९५१ मध्ये, नियोजन मंडळाशी चर्चेसाठी पंडित नेहरूंनी विनोबांना दिल्लीस बोलाविले असता ते पवनारहून पायी निघाले होते. चालण्याच्या वेगाने दिसणारा देश आणि जीपच्या वेगाने दिसणारा देश भिन्न असतो, असा विनोबांच्या पदयात्रेचा अर्थ घेता येईल. तथापि सामान्य कुटुंबाने या दोहोंपैकी एकाचाही स्वीकार केला नाही. त्याने सायकल घेतली आणि लांबच्या प्रवासासाठी सार्वजनिक गाडी पकडली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा मध्य प्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. १९६१ साली प्रादेशिक वाहतूक सेवा एकत्र होऊन राज्य मार्ग परिवहन महामंडळ स्थापन झाले. स्वत:चे वाहन नसलेल्या घरालाही तालुक्याच्या गावी जाता येऊ लागले ते लाल गाडीमुळे. आर्वी भागासाठी १९१७ पासून पुलगाव-आर्वी ही अरुंद मापाची आगगाडी होती. ती कालांतराने बंद पडली, तेव्हा तिचेही प्रवासी रस्त्यावर आले.

५

ज्या शहरातून यांत्रिक वाहनावर सर्वांत मूलगामी टीका झाली त्याच शहरातील घराण्याने भारतीय मध्यमवर्गाला त्याचे पहिले यांत्रिक वाहन पुरविले, ही इतिहासातील विसंगती नोंदविण्यासारखी आहे. जमनालालजी ज्या सेठ बच्छराज यांच्या घरी वर्ध्यात दत्तक आले, त्यांच्या नावाने १९४५ साली बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी स्थापन झाली. १९४८ पासून तिने परदेशी दुचाकी व तीनचाकी गाड्या आणून विकण्यास आरंभ केला. १९५९ साली तिला उत्पादनाचा परवाना मिळाला आणि १९६० साली बजाज ऑटो या नावाने ती सार्वजनिक कंपनी झाली. इटलीतील पिआज्जिओ कंपनीशी तिचे तांत्रिक सहकार्य होते. पुण्याजवळ आकुर्डी येथे कारखाना उभा राहिला. या काळात जमनालालजींचे पुत्र कमलनयन बजाज हे लोकसभेत वर्धा मतदारसंघाचे प्रतिनिधी होते.

१९७० पर्यंत कंपनीने एक लाख वाहने बनविली होती. १९७१ साली इटालियन सहकार्य संपल्यावर ‘चेतक’ स्कूटर बाजारात आली. मागणी इतकी आणि परवान्याने बांधलेले उत्पादन इतके थोडे, की नाव नोंदवून कित्येक वर्षे थांबावे लागे. या काळातील स्कूटरची मालकी ही उत्पन्नाइतकीच प्रतीक्षेची व पगारी नोकरीच्या स्थैर्याची निदर्शक होती. वर्ध्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी ती प्राध्यापक, डॉक्टर, बँक-कर्मचारी व व्यापारी यांच्या दारात प्रथम उभी राहिली. मोटार तर याहूनही दुर्मीळ होती. १९५३ नंतरच्या औद्योगिक धोरणामुळे देशात अ‍ॅम्बॅसडर, फियाट व स्टँडर्ड या तीनच जातींच्या गाड्या प्रामुख्याने बनत. म्हणजे १९८० च्या दशकापर्यंत मोटारी कमी होत्या याचे कारण केवळ दारिद्र्य नव्हते, शासनाचे उत्पादनावरील नियंत्रणही त्यास कारणीभूत होते. मालकीचे आकडे वाचताना ही गोष्ट विसरली तर त्या काळच्या कुटुंबांच्या ऐपतीविषयी चुकीचे अनुमान निघते.

१९७२ साली पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने ‘लूना’ ही हलकी मोपेड काढली. १९८५ पासून जपानी सहकार्याने बनलेली चार-स्ट्रोक मोटारसायकल विक्रीस आली. थोड्या पेट्रोलमध्ये दूर जाणारी आणि खराब रस्त्यावर टिकणारी ही गाडी स्कूटरपेक्षा खेड्याला अधिक मानवली. जुलै १९८९ पासून नवा मोटारवाहन कायदा अमलात आला, जिल्हानिहाय नोंदणीक्रमांक सुरू झाले आणि वर्ध्याच्या वाट्यास ‘एम.एच. ३२’ ही खूण आली. यापुढे जिल्ह्याची वाहने नुसत्या पाटीवरून ओळखता येऊ लागली.

६

मोटारीच्या प्रसारातील निर्णायक टप्पा म्हणजे डिसेंबर १९८३ मधील मारुती ८०० चे आगमन. १९९१ च्या आर्थिक धोरणानंतर आणि १९९३ साली मोटारउत्पादनाचा परवाना रद्द झाल्यानंतर पुरवठ्याची अडचण संपली. आता प्रश्न उरला खरेदीशक्तीचा, आणि तोही कर्जामुळे बदलला.

आकडे पुढीलप्रमाणे आहेत. २००१ साली भारतातील ४३.७ टक्के कुटुंबांजवळ सायकल, ११.७ टक्के कुटुंबांजवळ यांत्रिक दुचाकी आणि २.५ टक्के कुटुंबांजवळ मोटार वा जीप होती. २०११ साली हे प्रमाण अनुक्रमे ४४.८, २१.० आणि ४.७ टक्के झाले. दहा वर्षांत सायकल जवळपास स्थिर राहिली, तर दुचाकी व मोटार या दोहोंचे प्रमाण सुमारे दुप्पट झाले. २०११ मध्ये महाराष्ट्रात सायकल ३०.५, दुचाकी २४.९ आणि मोटार ५.९ टक्के कुटुंबांजवळ होती. म्हणजे सायकलीत हे राज्य देशाच्या मागे आणि यांत्रिक वाहनांत पुढे होते. देशभरातील ग्रामीण कुटुंबांपैकी १४.३ टक्के घरांत दुचाकी आणि २.३ टक्के घरांत मोटार होती. नागरी कुटुंबांत हेच प्रमाण ३५.२ आणि ९.७ टक्के होते. वर्धा जिल्ह्याच्या २०११ मधील १३,००,७७४ लोकसंख्येपैकी सुमारे दोन-तृतीयांश ग्रामीण आहे, हे येथे ध्यानात घ्यावे.

२०२१ ची जनगणना नियोजित वेळी झाली नाही. तथापि २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार मोटार असलेल्या कुटुंबांचे प्रमाण देशात सुमारे ७.५, महाराष्ट्रात सुमारे ८.७, केरळात सुमारे २४ आणि गोव्यात सुमारे ४५ टक्के होते. महाराष्ट्र औद्योगिक राज्य आहे, मोटारी तेथे बनतात, तरी दर ११ ते १२ घरांत एक मोटार इतकेच हे प्रमाण आहे. मोटार हे कुटुंबाचे सर्वसामान्य वाहन झाले आहे, ही शहरी समजूत त्यामुळे निराधार ठरते. सर्वसामान्य यांत्रिक वाहन दुचाकी हेच आहे. विशेष म्हणजे या पाहणीने जनगणनेने न विचारलेला प्रश्न विचारला. जनावराने ओढावयाची गाडी घरी आहे काय, अशीही नोंद तिच्या प्रश्नावलीत होती.

आता या वाढीचा अर्थ पाहावयाचा. जुलै २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भाचा दौरा केला, तेव्हा ते वर्धा जिल्ह्यातील वायफड या गावी आले होते. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. तिच्या सहा जिल्ह्यांत वर्ध्याचा समावेश होता. म्हणजे ज्या दशकात दुचाकींचे प्रमाण झपाट्याने वाढले तेच दशक कापूसउत्पादकाच्या कर्जबाजारीपणाचेही होते. वाहनमालकी हेच सुस्थितीचे माप मानले तर या दोन गोष्टींची संगती लागत नाही.

ती लागते ती बंडीच्या जमाखर्चाशी तुलना केल्यावर. बैलजोडी शेतात राबते, खत देते आणि तिचा चारा शेतातूनच येतो. मोटारसायकल शेतात राबत नाही. तिला रोज रोख पैशाचे पेट्रोल लागते. ती बहुधा हप्त्यावर घेतलेली असते. हप्ता महिन्याचा आणि पीक वर्षाचे, हा ताण कोरडवाहू घराला कायम जाणवतो. तरीही ती घ्यावी लागते, कारण मजुरीचे काम, महाविद्यालय, दवाखाना, बँक व कृषिकेंद्र ही सर्व गावापासून दूर गेली आहेत आणि बसची फेरी ठरावीक वेळीच मिळते. अशा घरी मोटारसायकल ही बचतीची खूण नसून अंतराचा खर्च आहे. बैल ठेवणे परवडेनासे झाल्याने नांगरणी ट्रॅक्टरच्या भाड्याने करून घेणारे आणि बंडी मोडून दुचाकी घेणारे कुटुंब प्रश्नावलीच्या दृष्टीने एक पायरी वर चढते. प्रत्यक्षात त्याने उत्पादनाचे साधन देऊन प्रवासाचे साधन घेतलेले असते.

७

वाहन आणि रस्ता यांचा संबंध १९४३ साली ज्या वळणावर होता तेथेच तो आजही दिसतो. जिल्ह्याच्या उत्तरेस कारंजा व तळेगाववरून नागपूर-अमरावती महामार्ग, पूर्वेस जाम व हिंगणघाटवरून हैदराबादचा महामार्ग आणि मध्यातून यवतमाळकडे जाणारा मार्ग असे तीन प्रमुख रस्ते पूर्वीपासून आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा खुला झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस मिळाला. तो ज्या दहा जिल्ह्यांतून जातो त्यांत वर्धा आहे. या मार्गासाठी जिल्ह्यातील शेतजमीन गेली. मात्र या मार्गावर दुचाकी व तीनचाकी वाहनांस प्रवेश नाही, आणि बैलगाडीचा तर प्रश्नच उद्भवत नाही. वेगाच्या व सुरक्षिततेच्या दृष्टीने हा नियम समर्थनीय आहे. तथापि त्याचा परिणाम असा, की ज्यांच्या शेताशेजारून हा रस्ता जातो त्यांच्यापैकी बहुसंख्य कुटुंबांना स्वत:च्या मालकीच्या वाहनाने त्यावर चढता येत नाही.

दुसऱ्या बाजूस पांदणीची स्थिती आहे. काळ्या कपाशीच्या जमिनीतील ही वाट पावसाळ्यात चिखलाची होते. पूर्वी बंडी रुतत असे, आता मोटारसायकल रुतते. २००० सालच्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेने गावे जोडली आणि शेत व पाणंद रस्त्यांसाठी राज्याने २०२१ साली स्वतंत्र योजना आखली. नागपूर योजनेत सुटलेला वर्ग ७८ वर्षांनी शासनाच्या दप्तरात आला, असे म्हणता येईल. कुमारप्पांच्या बैलगाडीविषयीच्या आग्रहातील पुष्कळसा भाग काळाने मागे टाकला आहे. रस्त्याचा विचार तेथील बहुसंख्य वाहनांच्या मालकांपासून सुरू व्हावा, हा भाग मात्र अद्याप मागे पडलेला नाही.

वर्धा जिल्ह्याच्या दीडशे वर्षांच्या या वृत्तान्तातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा, की बंडी, सायकल, स्कूटर व मोटार ही एकाच शिडीची पायठणे नव्हेत. बंडी जमिनीशी, सायकल मजुरीशी, स्कूटर पगाराशी आणि आजची मोटारसायकल कर्जाशी बांधलेली आहे. दुसरा असा, की मालकीच्या आकड्यांत कुटुंबाच्या ऐपतीइतकेच शासनाचे उत्पादनधोरण, रस्तेधोरण व सार्वजनिक वाहतुकीची उणीव यांचे प्रतिबिंब पडते. तिसरा निष्कर्ष धोरणासंबंधी आहे. २०२४ साली ग्रामीण घरकुल योजनेच्या निकषांतून दुचाकीची अट काढून टाकण्यात आली. दारात मोटारसायकल आहे म्हणून घर नाकारणे योग्य नाही, हे त्यामुळे मान्य झाले. मधल्या काळात ज्या कुटुंबांना ही अट लागू झाली त्यांचे नुकसान एका चुकीच्या ऐतिहासिक गृहीतावरून झाले होते. दारात काय उभे आहे हे मोजणे सोपे असते. ते कशाच्या बदल्यात आणि कशाच्या अभावी उभे आहे, हे कळण्यास मात्र त्या दाराच्या मागचे शेत आणि पुढचा रस्ता या दोहोंचा इतिहास पाहावा लागतो.